वरून आलेल्या तीन हाका

लोटू निकमला रामदासचं सगळंच खुपायचं. रामदासचा आवाज खुपायचा, त्याचं इंग्रजी खुपायचं, आणि तो सुरतेबाहेर सचिन गावात राहतो तिथलं आकाशसुद्धा खुपायचं. आता आकाश कुणाच्या बापाचं नसतं हे लोटूलाही कळत होतं. पण दिंडोलीत लोटूच्या घराच्या पश्चिमेला बिल्डरनं सहा मजली इमारत ठोकून ठेवली होती, आणि सचिनला रामदासच्या खोलीभोवती चारी बाजूंना मोकळं रान. पश्चिमेकडून उपग्रह वर आला की रामदासच्या रेडिओला तो लगेच सापडायचा आणि लोटूला दीड मिनिट उशिरा. दहा मिनिटांच्या फेरीतलं दीड मिनिट म्हणजे काय असतं, ते ज्याचं जातं त्यालाच विचारावं.

तर हा लोटू कोण, ते आधी सांगतो. पारोळ्याकडचा माणूस, वय बावन्न. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आला, कापडाच्या मागावर लागला, आणि आता सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका खात्यात फिटर मास्तर आहे. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. याच्या खात्यात शहाण्णव माग, सगळे जुने, धोट्याचे. ते एकदम चालू झाले की शेजारच्यानं कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. अशा गदारोळात कुठल्या मागाचं काय बिघडलंय हे लोटू उभ्याउभ्या सांगायचा. शेठ आल्यागेल्याला मोठ्या कौतुकानं सांगे की आमच्या मास्तरसारखा कान अख्ख्या सचिनमध्ये नाही.

रेडिओचं वेड त्याला लागलं ते दोन हजार सहाच्या पुरात. तापी घराघरात शिरली, फोन मेले, आणि मदत छावणीत एक म्हातारे गृहस्थ गाडीच्या बॅटरीवर वायरलेस लावून थेट अहमदाबादशी बोलत बसले होते. लोटू दूध-बिस्किटांची रांग सोडून दोन तास त्यांच्यापाशी उभा राहिला. पुढं हौशी रेडिओची परीक्षा असते असं कळलं. तिच्यात तो दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा सुटला. सरकारनं परवाना दिला आणि परवान्यावर एक नाव दिलं, नुसत्या अक्षरांचं. हवेत त्याच नावानं बोलायचं असतं. त्यातली शेवटची तीन अक्षरं म्हणायची पद्धत अशी: किलो टँगो लिमा. घरात कुणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण धाब्यावरून, म्हणजे घराच्या गच्चीवरून, ती अक्षरं रोज इतक्यांदा ओरडली जायची की गल्लीतल्या भाजीवाल्यालाही पाठ झाली होती.

कारण लोटूचा सगळा जीव वरच अडकला होता. वर माणसं राहतात ते अंतराळ स्थानक फिरत असतं ना, त्यावर हौशी लोकांसाठी एक रेडिओ ठेवलेला आहे. खालून कुणी बोललं की तो ते पकडतो आणि परत खाली पसरवतो. दिंडोलीतून बोललेलं कोलंबोला ऐकू जातं, मस्कतला ऐकू जातं. आणि कधीमधी, फार क्वचित, वरच्या माणसाला सवड असली तर तो स्वतः माइक उचलतो आणि खालच्या एखाद्याला त्याच्या अक्षरांनी हाक मारतो. लोटूला ती हाक हवी होती. नऊ वर्षं त्यानं तिच्यासाठी काढली. स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पाण्याच्या पाइपवर बसवून त्यानं अँटेना केला होता. तो एका हातात धरून, दुसऱ्या हातात रेडिओ घेऊन तो धाब्यावर गोल गोल फिरायचा. नवीन शेजारी आले की त्यांना वाटायचं, याला काहीतरी झालंय.

आणि आता दुखरी गोष्ट. पस्तीसेक वर्षं मागांत उभं राहिल्यावर माणसाचे कान काय शाबूत राहणार? आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या, मग बायकोची, सरलाबाईची, स्वयंपाकघरातली हाक गेली. पुढं पुढं आवाज यायचा पण शब्द यायचे नाहीत. समोर तोंड असलं की ओठांवरून तो सगळं ओळखी. पाठीमागून बोललं की गप्प. सरलाबाईची समजूत अशी की नवरा मुद्दाम पहिल्या हाकेला ओ देत नाही, निकमांच्या घरातले सगळे पुरुष असलेच. खात्यात तर त्यानं वेगळीच युक्ती काढली होती. मागाच्या चौकटीवर तळवा टेकवायचा आणि डोळे मिटायचे. बिघाडाचा हादरा तळव्याला कळायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं मास्तर कान देऊन ऐकतोय. हे फुटलं असतं तर शेठनं आठवड्यात नवा मास्तर बघितला असता, कारण चालू मागांत बहिऱ्या माणसाला कोण उभं करतं? आणि नवा मास्तर म्हणून हाताशी तयार कोण होता, तर रामदास.

रेडिओवर ओठ नसतात, हे खरं. पण तिथलं बोलणं ठरलेलं असतं: तुझी अक्षरं, माझी अक्षरं, नकाशातल्या चौकोनाचा आकडा, धन्यवाद, संपलं. काय येणार हे माहीत असलं की लोटू अंदाजानं जुळवून घ्यायचा. बहुतेक वेळा जुळायचंही.

रामदास त्याच खात्यात वायरमन, मागांचं फिटिंगही जमणारा. जिंतूरकडचा, चौतिशीचा, हसऱ्या तोंडाचा. पाच वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत लोटूच्या हातात रेडिओचं पुस्तक बघून म्हणाला होता की आप्पा, मला पण शिकवा की. लोटूनं शिकवलं. खरंच मन लावून शिकवलं. स्वतःच्या हातानं मोजपट्टी कापून त्याला अँटेना करून दिला, परीक्षेला अहमदाबादला सोबत गेला. रामदास पहिल्या फटक्यात पास झाला. पेढे लोटूनंच वाटले, आणि स्वतःच्या वाट्याचा पेढा त्याच्या घशाखाली काही उतरला नाही.

तिथून जी आग लागली ती विझलीच नाही. रामदासनं मोबाइलवर ऐकून ऐकून इंग्रजी सुधारलं. रामदासला मस्कत सापडलं, माले सापडलं. सुरतेतल्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं की लोटू टाइप करेपर्यंत रामदासचं उत्तर पडलेलं असायचं, तेही अगदी बरोबर. लोटूला ते बरोबर असायचं याचाच राग यायचा. घरी आला की सरलाबाई त्याला आधी वाढायची, वर म्हणायची की पोरगा किती नीट बोलतो. एकदा त्याला जाताना डबाभर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, दिल्या तेव्हा लोटूनं दोन दिवस भाजीला नावं ठेवली.

यंदाच्या मार्चात ग्रुपवर बातमी आली की वर सध्या एक बाई आहेत आणि त्या रविवारी मोकळ्या वेळात माइक उचलतात. येत्या रविवारी सकाळी आठ एकेचाळीसला स्थानक सुरतेच्या जवळजवळ डोक्यावरून जाणार होतं. लोटूनं शनिवारीच बॅटऱ्या भरून ठेवल्या, दाढी केली. दाढी कशाला केली, ते त्यालाच ठाऊक.

नेमक्या त्याच सकाळी सरलाबाईनं धाब्यावर बिबड्या घातल्या. ज्वारीचे हे पापड वाळत पडल्याशिवाय खानदेशी घरात उन्हाळा सुरूच होत नाही. जुन्या लुगड्यांवर ओळीनं पन्नास-साठ बिबड्या, आणि मधे एक वीट ठेवून तिनं बजावलं की विटेच्या पलीकडं पाय टाकायचा नाही. उरलेल्या कोपऱ्यात लोटू उभा राहिला.

इमारतीनं आपलं दीड मिनिट खाल्लं. मग खरखर सुरू झाली. लोटूनं बटण दाबून हाक दिली, किलो टँगो लिमा, आणि बटण सोडून कान लावला. काहीतरी बारीक सळसळलं, शब्द नाही. त्यानं पुन्हा हाक दिली. आणि त्याच्या हाकेला खेटून रामदासचा आवाज आला, जाड, जवळचा. काय म्हणाला ते कळलं नाही, पण आवाज त्याचाच. लोटूनं तिसऱ्यांदा हाक दिली, पुन्हा रामदास. मग रामदासच इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलला, मधे सळसळ झाली, आणि शेवटी रामदासची अक्षरं रामदासच्याच तोंडून आली. ती अक्षरं लोटूला पक्की ओळखू यायची, शिकवली त्यानंच होती. मग सगळं पूर्वेकडं बुडून गेलं.

पाच मिनिटांत ग्रुपवर, हैदराबादला फेरीचा शेवट तेवढा ऐकलेल्या एकाचं अभिनंदन येऊन पडलं. रामदासशी स्टेशनवरच्या बाई बोलल्या, पूर्ण बोलल्या, त्याची अक्षरं घेऊन बोलल्या. लोटूच्या अंगाचा तिळपापड झाला. तो मागं सरकला तो थेट विटेपलीकडं, आणि अकरा बिबड्यांचा चुरा झाला. सरलाबाई वर येऊन बरंच काही बोलली. लोटूनं तिच्या ओठांकडं न बघायचं ठरवलं.

या छंदात एक पाप फार मोठं मानतात: दुसऱ्याची हाक चालू असताना तिच्यावर चढून बोलणं. वाटेत कुणी चुकून चढलंच तर लगेच माफी मागतात. लोटूनं तिथंच उन्हात उभं राहून ग्रुपवर लिहिलं की ज्याला मी बोट धरून शिकवलं त्यानं माझ्यावर तीनदा चढून माझी हाक चोरली. चोरली हा शब्द त्यानं एकदा पुसला आणि पुन्हा लिहिला.

ग्रुप चालवायचे किरणभाई. कतारगामला त्यांचा जरीचा कारखाना, आणि लोटूच्या शेठचे ते सख्खे भाचे. त्यांनी रामदासला विचारलं की हे काय आहे. रामदासनं एक ओळ लिहिली, की आप्पांना तसं वाटलं असेल तर तसंच असेल, मला काही बोलायचं नाही. किरणभाईंनी पुढच्या रविवारी कतारगामला बैठक ठेवली. आरोप खरा ठरला तर रामदास सहा महिने ग्रुपबाहेर, आणि स्टेशनशी झालेल्या बोलण्याची पावती म्हणून जे कार्ड येतं, त्यासाठी ग्रुप त्याच्या बाजूनं एक अक्षर लिहिणार नाही.

तो आठवडा लोटूनं कसा काढला ते विचारू नका. एकच विचार कुरतडत राहिला: काय बोलली असेल ती त्याच्याशी? नाव विचारलं असेल का? रामदासनं सुरत सांगितलं असेल की सचिन? हसली असेल का? नऊ वर्षं उन्हातान्हात मान वाकडी केली आपण, आणि काल शिकलेल्या पोरानं उभ्याउभ्या पदरात पाडून घेतलं. खात्यात त्यानं रामदासच्या कामात तीन चुका काढल्या, त्यातल्या दोन नव्हत्याच. बुधवारी रामदास दोन मागांच्या मधे त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. लोटूनं मान फिरवली. खात्यात मान फिरवली की बोलणं संपतं.

शुक्रवारी संध्याकाळी बारडोलीहून सुवर्णाताईंचा निरोप आला. या तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, मूळच्या अमरावतीकडच्या. बोलायचा परवाना त्यांनी काढलेला नाही. त्या फक्त ऐकतात, आणि स्थानकाची प्रत्येक फेरी रेकॉर्ड करून ठेवतात. त्यांनी रविवारचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं आणि लिहिलं होतं, की ग्रुपवर मी टाकलेलं नाही, आधी तुम्ही ऐका, मग तुम्हीच ठरवा.

लोटूला वाटलं, सापडला. चोर मुद्देमालासकट सापडला. त्यानं फोन कानाला लावला, या कानाला लावला, त्या कानाला लावला. खरखर, स्वतःचा आवाज, रामदासचा आवाज, पण शब्द? शब्द कुठं होते? बैठकीत उभं राहून सांगायचं तर रामदास नेमकं काय बोलला ते हवं होतं. दुसऱ्या कुणाला ऐकायला द्यायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. चार वर्षं त्यानं ही एक गोष्ट जिवापलीकडं लपवली होती. पण रामदासला धरायचं होतं ना. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं सरलाबाईला सांगितलं की फोनचा आवाज बिघडलाय, जरा ऐक आणि सांग काय काय येतंय.

सरलाबाईनं हात पुसले आणि फोन कानाला लावला. लोटू तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

"हाई तर तुम्हीच," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आते एक बाई बोली राहिनी. इंग्रजीमा." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "किलो टँगो लिमा," ती म्हणाली.

ते मी म्हणतोय, लोटूनं सांगितलं.

"तुमना आवाज माले समजस नही का? बाई म्हनी राहिनी. किलो टँगो लिमा, आनि मंग आखो काहीतरी."

लोटू तिच्या आणखी जवळ सरकला. सरलाबाई ऐकत होती आणि ऐकेल तसं सांगत होती. पुढं लोटूची आणखी एक हाक, मग रामदास होता आणि तो चक्क मराठीत बोलत होता. तिनं त्याचे शब्द त्याच्याच ढंगानं म्हणून दाखवले:

"'आप्पा, तुम्हालाच बोलवायलेत. जबाब द्या.'"

मग पुन्हा लोटूचं ओरडणं. पुन्हा ती बाई, पुन्हा तीच तीन अक्षरं. पुन्हा रामदास: आप्पा, थांबा, त्या बोलवायल्यात, ऐका. त्यानंतर रामदास त्या बाईशी इंग्रजीत बोलला. सरलाबाईला त्यातलं फारसं कळेना, पण टीचर म्हणाला, लूम म्हणाला, प्लीज म्हणाला दोनदा. मग बाई तिसऱ्यांदा बोलल्या, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, जसं लहान मुलाला सांगतात. किलो. टँगो. लिमा. आणि मग काहीच नाही. नुसती खरखर. मग बाईंनी रामदासला काहीतरी विचारलं, रामदासनं आपली अक्षरं सांगितली, आणि संपलं.

सरलाबाईनं फोन खाली ठेवला. फोनचा आवाज काही बिघडलेला नव्हता, हे आता तिलाही कळलं होतं. किती दिवस झाले, तिनं विचारलं. चार वर्षं, लोटू म्हणाला. चार वर्षं आपण या माणसाला हट्टी म्हणत आलो, हाकेला ओ देत नाही म्हणून माहेरी जाऊन सांगत आलो, असं काहीबाही बोलत ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पदर तोंडावर असल्यामुळं त्यातलं अर्धं लोटूला कळलं नाही.

आणि लोटूला काय वाटलं? लाज नंतर वाटली. आधी जे वाटलं ते सांगायचं तर मत्सरच, आणि पहिल्यापेक्षा दसपट. हाक आली होती. नऊ वर्षं मागितलेली हाक एकदा नाही, तीनदा आली होती, त्याच्या नावानं, आणि ती ऐकली कुणी, तर रामदासनं. रामदासच्या कानांनी. आपल्या दारात आलेला पाहुणा शेजाऱ्यानं बघावा आणि आपण आत झोपलेले असावं, असं झालं. त्या बाईंचा आवाज कसा होता, हे आता जन्मभर रामदासला विचारावं लागणार होतं.

शनिवारी पाळी संपल्यावर तो रामदासच्या खोलीवर गेला. रामदासनं खुर्ची दिली आणि स्वतः समोर, उजेडाकडं तोंड करून बसला. तो नेहमी असाच बसतो, हे लोटूच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. लोटूनं रेकॉर्डिंगचं सांगितलं आणि विचारलं की ग्रुपवर एका ओळीत खरं का नाही लिहिलंस.

"काय लिहू?" रामदास म्हणाला. "आप्पांना ऐकू येत नाही म्हणून लिहू? किरणभाईंच्या ग्रुपवर? सोमवारी शेठनं तुम्हाला हिशोब करून घरी पाठवलं असतं."

तुला कधीपासून ठाऊक आहे, लोटूनं विचारलं.

"दोन वर्षं झाली. तुम्ही मागाला हात लावून डोळे मिटता, तेव्हापासून." मग म्हणाला, "पण चोर म्हणालात ते लागलं मला, आप्पा. खोटं कशाला बोलू. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तरी उद्या तुम्ही काही बोलू नका. सहा महिने बसतो गप्प. स्टेशन काय, रोज येतंय."

लोटू घरी परतला तो बस चुकवून, चालत. दोन वर्षं. दोन वर्षं या माणसाच्या तोंडात एक वाक्य होतं आणि त्या वाक्यात मास्तरची जागा होती, पगार होता, शहाण्णव माग होते. आणि ते त्यानं गिळून ठेवलं होतं. लोटूनं स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघितलं. फार वेळ लागला नाही. आपण असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या केबिनमध्ये गेलो असतो, आणि मास्तरच्या काळजीपोटी सांगतोय म्हणालो असतो. आतापर्यंत रामदासचं इंग्रजी खुपत होतं, आवाज खुपत होता. आता त्याचा चांगुलपणाही खुपायला लागला, आणि त्याला काही औषध नव्हतं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. रामदासनं स्वतः सांगितलं होतं. सुवर्णाताईंनी ठरवणं याच्यावर सोडलं होतं. सरलाबाईनं रविवारी सकाळी शर्ट इस्त्री करून दिला आणि कुठलाच सल्ला दिला नाही, नोकरी तिच्याही घराची होती.

कतारगामला जरीच्या कारखान्यावरच्या हॉलमध्ये चौदा माणसं जमली होती. टेबलामागं वही उघडून किरणभाई बसले होते, आणि त्यांच्या डाव्या हाताला, लोटूच्या बरोबर समोर, रामदास. किरणभाईंनी लोटूला काय सांगायचंय ते सांगायला सांगितलं. लोटू उठला. सगळी तोंडं त्याच्याकडं होती, तेवढं एक बरं होतं.

"रामदास माझ्यावर चढला नाही," तो म्हणाला. "वरून मला तीनदा हाक आली. मला ऐकू आली नाही. तो मला ओरडून सांगत होता की तुम्हाला बोलवतायत, तेही मला ऐकू आलं नाही. माझे कान गेलेत. चार वर्षं झाली. मी त्याला चोर म्हणालो, तो शब्द मी परत घेतो. त्याचं कार्ड त्याला मिळालं पाहिजे."

एवढं बोलून तो उभाच राहिला. बसायचं असतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. रामदास हातांकडं बघत होता. किरणभाईंनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि तशीच मान खाली ठेवून काहीतरी विचारलं. लोटूला त्यांचं डोकं दिसत होतं, तोंड दिसत नव्हतं. हॉलमधली सगळी मंडळी लोटूकडं बघायला लागली, म्हणजे प्रश्न त्यालाच होता.

त्यानं समोर पाहिलं. रामदासनं मान वर केली होती. खात्यात बोलतात तसा, आवाज न काढता, फक्त ओठांनी, तो सांगत होता: आप्पा, विचारायलेत, हे मामांना सांगू का?

मामा म्हणजे लोटूचे शेठ. रामदासला दुसरं काहीही सांगता आलं असतं. अजून काही बोलायचंय का म्हणून विचारतायत, असं सांगितलं असतं तरी लोटूनं मान हलवली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण रामदासनं जसंच्या तसं सांगितलं, जसं त्या रविवारी सांगितलं होतं. याचाही लोटूला क्षणभर हेवा वाटला.

"सांगा," लोटू म्हणाला. आयुष्यात त्यानं तेवढी एक ओ पहिल्या हाकेला दिली.